सागाए हॉस्टा: सात वर्षं सांभाळल्यावरचा रिव्ह्यू, आणि त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे

आज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेले आणि नवऱ्याची मेजपट्टी घेऊन सागाएचा, म्हणजे माझ्या मोठ्या पानांच्या हॉस्टाच्या झाडाचा, आडवा पसारा मोजला, ६४ इंच भरला, म्हणजे पाच फुटांच्या वर, आणि उंची पानांपर्यंत ३१ इंच. सातवं वर्ष चालू आहे, जून अर्धा सरलाय, पानं पूर्ण उघडलीत. म्हटलं आता लिहायला हरकत नाही. हॉस्टाचा रिव्ह्यू पहिल्या-दुसऱ्या वर्षी लिहिण्यात खरंच काही अर्थ नसतो, कारण तेव्हा सगळे सारखेच दिसतात आणि तिथेच माणूस फसतो. मी फसले होते, ते पुढे सांगते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, घराच्या उत्तरेला एक जुना ओक आहे, त्याच्याखाली गवत काही केल्या येत नाही. दोन वर्षं बी टाकलं, पाणी घातलं, तिसऱ्या वर्षी सोडून दिलं. तिथे काय लावायचं विचारलं की इकडे प्रत्येकजण एकच उत्तर देतो, हॉस्टा लाव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मूळचं हे जपान, कोरिया, चीनकडचं झाड, सावलीत वाढतं, थंडीत जमिनीवरचं सगळं मरून जातं आणि वसंतात परत खालून कोंब येतात. लोक हे फुलांसाठी नाही, पानांसाठी लावतात. माझं बालपण चिपळूणचं, आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळूचा एवढा मोठा गड्डा होता की पावसात आम्ही मुलं एकेक पान डोक्यावर धरून शेजारी जायचो. त्यामुळे मोठं पान म्हटलं की माझा जीव तिकडे ओढतोच. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिनेही हॉस्टाकडे बघून पहिला प्रश्न हाच विचारला की हे अळू खाजरं आहे का. अळूशी नातं काही नाही, हे शतावरीच्या कुळातलं, पण आईचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण जपानमध्ये याचे कोवळे कोंब खरंच भाजी म्हणून खातात, उरुई म्हणतात त्याला, आणि यामागाता प्रांतात तर त्याची शेती होते. गंमत म्हणजे सागाए हे नावही त्याच यामागातातल्या एका शहराचं आहे. (कुत्रं-मांजर असेल तर मात्र लक्ष ठेवा, त्यांना हॉस्टा बाधतो, उलट्या होतात.)

आता सागाए म्हणजे नक्की काय. मोठ्या जातीतला दुरंगी हॉस्टा, इकडे याला जायंट म्हणतात, कारण अमेरिकन हॉस्टा सोसायटीच्या मापाप्रमाणे २८ इंचांच्या वर उंची गेली की तो जायंट. पान मधे राखाडी झाक असलेलं हिरवं, कडेला पिवळा पट्टा, आणि तो पट्टा सरळ रेषेत नाही, मधेच आत घुसतो, ब्रशचा फटकारा मारल्यासारख्या रेघा शिरांच्या बाजूने आत जातात. मे महिन्यात कड लख्ख पिवळी असते, जुलैपर्यंत सायीच्या रंगावर येते. पान एक फुटापेक्षा लांब, माझं सगळ्यात मोठं १३ इंच लांब आणि १० इंच रुंद आहे. आणि पानाला मागून हात लावला की पांढरट भुकटीसारखा थर लागतो, कोबीच्या बाहेरच्या पानावर असतो ना, तसा.

पण या सगळ्यापेक्षा मला जे आवडतं ते त्याचं उभं राहणं. बाकीचे बहुतेक मोठे हॉस्टा घुमटासारखे पसरतात, खालची पानं जमिनीला टेकतात. सागाएचे देठ जाड असतात, सरळ वर जातात आणि वर जाऊन बाहेरच्या बाजूला झुकतात, आणि पान त्या देठाच्या टोकावर आडवं तोललेलं असतं, कडा किंचित लाटेसारख्या. फुलदाणीत कुणीतरी मुद्दाम रचून ठेवल्यासारखा आकार. वाऱ्याची झुळूक आली की पानं एकेकटी हलतात, सगळं झाड एकदम हलत नाही. संध्याकाळी ओकच्या फांद्यांमधून तिरपं ऊन येतं तेव्हा त्या पिवळ्या कडा मागून उजळतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघताना माझ्या हातातलं काम थांबतं, दररोज थांबतं.

अमेरिकेतल्या हॉस्टा उत्पादकांच्या संघटनेने २००० साली याला हॉस्टा ऑफ द इयर केलं होतं. त्याआधी हा फ्लक्चुअन्स व्हेरिगेटेड अशा लांबलचक नावाने विकला जायचा, म्हणून एखाद्या जुन्या बागेत ते लेबल दिसलं तर गोंधळू नका, तोच हा. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिटसुद्धा त्याच्याकडे आहे.

तर फसण्याची गोष्ट. मी पहिला सागाए मागवला तो ऑनलाइन, पोस्टाने, खोक्यात ओल्या भुश्यात गुंडाळलेल्या मुळ्या आणि दोन कोंब. लेबलवर स्पष्ट सागाए. लावला. पहिल्या वर्षी चार पानं आली, हिरवी, कड पिवळट, मला वाटलं छान. दुसऱ्या वर्षी आठ-नऊ. तिसऱ्या वर्षी मात्र पानं गोल गोल यायला लागली, पृष्ठभागावर फुगवटे, पापड तळताना फोड येतात तसे, मधला रंग निळसर, आणि झाड उंच व्हायच्या ऐवजी आडवंच सुटलं. आणि मेच्या शेवटी कडा तपकिरी पडून कुरकुरीत झाल्या. मी खत कमी केलं, पाणी वाढवलं, काहीतरी रोग आहे म्हणून घाबरले. मग इथल्या एका बागेत हॉस्टाचा मोठा वाफा बघायला गेले, तिथे माझंच झाड समोर, पाच फूट पसरलेलं, आणि पाटीवर नाव फ्रान्सिस विल्यम्स. कडासुद्धा अगदी तशाच जळलेल्या. म्हणजे तीन वर्षं मी दुसऱ्याच झाडाला सागाए म्हणून पाणी घालत होते! विकणाऱ्यांना फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं की तक्रार एका वर्षाच्या आत करायला हवी होती. आता मला सांगा, जे झाड तीन वर्षांनी खरं रूप दाखवतं त्याची तक्रार एका वर्षात कशी करायची? याचा मला अजून राग आहे, पैशापेक्षा गेलेल्या वर्षांचा.

दुसरा सागाए मग मी पोस्टाने घेतलाच नाही. दीड तास गाडी चालवून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेले, ते घरामागे हॉस्टा वाढवतात आणि मे-जूनमध्ये विकतात, त्यांनी आधी मला मूळ झाड दाखवलं, वीस वर्षांचं, मग त्याच्याच फुटव्याची कुंडी हातात दिली. चार कोंबांचं रोप होतं, ३० डॉलर घेतले. हे आज मोजलेलं झाड तेच.

आता फ्रान्सिस विल्यम्सबद्दल नीट सांगते, कारण सागाएचा सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्याशी होतो आणि त्या झाडाला मी उगाच नावं ठेवणार नाही, त्याची गोष्ट मोठी आहे. फ्रान्सिस विल्यम्स नावाच्या बाई मॅसॅच्युसेट्सच्या, पेशाने लँडस्केप आर्किटेक्ट, १९३६ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिस्टल नर्सरीजमध्ये गेल्या असताना निळसर सिबोल्डियाना हॉस्टाच्या रांगेत त्यांना एक रोप पिवळ्या कडेचं दिसलं. कुणी संकर केला नव्हता, झाडाने आपणहून रंग बदलला होता, याला इकडे स्पोर्ट म्हणतात. बाईंनी ते घरी नेलं, वाढवलं, वाटलं, आणि पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या आवडत्या हॉस्टांच्या यादीत ते सगळ्यात वर असायचं. एका रांगेतल्या शेकडो रोपांमधून वेगळं एक टिपणारी ती नजर, मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं.

पण रिव्ह्यू म्हणून खरं सांगायचं तर फ्रान्सिस विल्यम्सची कड वसंतात जळते. दरवर्षी. सावलीत ठेवा, पाणी द्या, थोडी कमी होईल, जाणार नाही. मधला भाग जाडजूड आणि कड पातळ, आधीच नाजूक, आणि ती पहिल्यांदा मार खाते. मेच्या सुरुवातीला पंधरा दिवस ते झाड जगातलं सगळ्यात सुंदर दिसतं आणि मग मेच्या शेवटी गंजायला लागतं. ऑलिव्ह बेली लँग्डन नावाचा त्याचा जवळजवळ जुळा भाऊ मिळतो, दिसायला तोच, पण कड कमी जळते, म्हणून ज्यांना तो गोल, फुगीर, निळा-पिवळा चेहराच हवा आहे त्यांनी तो घ्यावा.

सागाए आणि फ्रान्सिस वेगळे ओळखायला मी आता फक्त दोन गोष्टी बघते, एक म्हणजे पानावर हात फिरवायचा, सागाएचं पान गुळगुळीत, शिरा दिसतात पण फुगवटे नाहीत, फ्रान्सिसचं पान जुनं झालं की हाताला खडबडीत उंचवटे लागतात. दुसरं, फुलं कधी आणि कुठे येतात. फ्रान्सिसची फुलं जूनमध्ये, जवळजवळ पांढरी, पानांच्या जेमतेम वर डोकावणारी. सागाएचे दांडे जुलैत येतात आणि पानांच्या खूप वर जातात, माझ्याकडे चार फुटांच्या आसपास, फुलं फिकट जांभळी. एकेक फूल एकच दिवस टिकतं, पण एका दांड्यावर इतक्या कळ्या की तीन आठवडे चालतं, भुंगे दिवसभर असतात, आणि हमिंगबर्डही येतो. जपानीत हॉस्टाला गिबोशी म्हणतात. तिकडे देवळांच्या, पुलांच्या कठड्याच्या खांबावर कांद्याच्या आकाराचा धातूचा कळस असतो त्याचं ते नाव, आणि न उमललेला कळ्यांचा झुबका बघितला की कळतं का म्हणतात ते.

तिसरा सारखा दिसणारा म्हणजे मोंटाना ऑरिओमार्जिनाटा. हा आमच्या शेजारच्या काकूंकडे आहे, म्हणजे आमच्यासाठी काकू, त्या इटालियन आहेत, ऐंशीच्या पुढच्या. लांबून बघितलं तर कुणीही सागाए म्हणेल, मोठं पान, पिवळी अनियमित कड. जवळून मात्र पान चकचकीत, गडद हिरवं, शिरा खोल रुतलेल्या, टोक लांब आणि खाली वळलेलं, आणि सगळं झाड कारंज्यासारखं खाली पडतं. आणि त्याची खोड अशी की तो सगळ्यात आधी उठतो. बाकी हॉस्टा अजून झोपलेले असतात आणि याची पानं एप्रिलच्या सुरुवातीला उघडायला लागतात, मग इकडे एप्रिलअखेरपर्यंत कधीही रात्री गोठलेलं दंव, म्हणजे फ्रॉस्ट, पडतं आणि ती कोवळी पानं दुसऱ्या दिवशी उकडलेल्या पालकासारखी. काकू रात्री जुन्या चादरी टाकतात त्याच्यावर, मीही मदतीला जाते. सागाए त्यामानाने समजूतदार, तो उशिरा येतो, माझ्याकडे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोंब वर दिसतात, सात वर्षांत एकदाच दंवाने टोकं भाजली.

लिबर्टी हा सागाएचाच स्पोर्ट, म्हणजे त्याच्याच पोटचा. २०१२ चा हॉस्टा ऑफ द इयर. फरक कडेचा, सागाएची कड माझ्याकडे इंच-दीड इंच तर लिबर्टीची जवळजवळ दुप्पट रुंद, पान आणखी जाड, रबरी चपलेच्या पट्ट्यासारखं. नर्सरीत दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या तर दहातले नऊजण लिबर्टी उचलतील, कारण लहानपणीच तो भडक दिसतो. मीही तीन वर्षांपूर्वी घेतला. सुंदर आहे यात वाद नाही पण हळू वाढतो, अगदी हळू, आणि माझं मत असं झालंय की एवढी रुंद कड पानाचं हिरवेपण खाऊन टाकते, हिरवा भाग कमी म्हणजे झाडाला अन्न बनवायला जागा कमी, त्यामुळे ताकद कमी. लहान जागा असेल, दारासमोर मोठ्या कुंडीत एकच ठेवायचा असेल तर लिबर्टी घ्या. झाडाखालचा मोठा कोपरा भरायचा असेल तर सागाए.

व्हिक्टरी आणि अर्थ एंजल यांच्याशीही तुलना होते. व्हिक्टरी (२०१५ चा विजेता) चकचकीत हिरवा, कड सुरुवातीला फारशी कळत नाही, उन्हाळा चढतो तशी सायीसारखी पांढरट होत जाते. अर्थ एंजल निळसर, पान बदामी आकाराचं, कड पिवळट पांढरी. दोन्ही चांगली झाडं आहेत, पण सागाएसारखा लख्ख पिवळा रंग हवा असेल तर त्यांच्यात तो मिळणार नाही. माझ्याकडे दोन्ही नाहीत, बागांमधून बघितलेत, म्हणून एवढंच.

आता घ्यायचा असेल तर माझं कळकळीचं सांगणं, एप्रिलमध्ये घेऊ नका. तेव्हा कुंडीत नुसती गुंडाळलेली पानं असतात आणि लहान रोपाची पानं अरुंद असतात, फुगवटे नसतात, सागाए काय आणि फ्रान्सिस काय, कुणालाच ओळखता येत नाही. जूनमध्ये घ्या. देठ बघा, उभे आहेत का. पानाची मागची बाजू बघा. आणि जमलं तर विकणाऱ्याकडचं मोठं झाड बघायला मागा, ज्याच्याकडे ते आहे तो आनंदाने दाखवतो. हल्ली बहुतेक रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, असतात, आपल्याकडे केळीची असतात तशीच, त्यात वाईट काही नाही, त्यामुळेच तर किंमत आवाक्यात आली, पण दुरंगी झाड टिश्यू कल्चरमध्ये कधीकधी रंग बदलतं, कड अरुंद होते किंवा पान पूर्ण हिरवंच निघतं, तर प्रत्येक कुंडी वेगळी बघून उचला. बी पेरून सागाए मिळेल अशी आशा तर बिलकूल ठेवू नका, कडेचा रंग बियांतून उतरत नाही, मी हौसेने पेरलं होतं, सगळी रोपं साधी हिरवी आली. गड्डा फोडूनच नवीन झाड करायचं.

एक महत्त्वाची गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती, ती म्हणजे व्हायरस. हॉस्टा व्हायरस एक्स असं त्याचं नाव, १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तो ओळखला गेला. पानावर शिरांच्या बाजूने रंग पसरल्यासारखा दिसतो, टीपकागदावर शाई फुटते तसा, किंवा ठिपके, किंवा पान विचित्र सुरकुततं. भयंकर भाग असा की काही वर्षांपूर्वी लोकांना ते डिझाइन वाटलं आणि अशी रोगट झाडं नवीन जात म्हणून नावं देऊन विकलीसुद्धा गेली! दुरंगी जातीत तर ओळखणं आणखी अवघड, कारण सागाएच्या कडेच्या रेघाही आत घुसलेल्याच असतात. फरक असा धरा, सागाएच्या रेघा कडेपासून सुरू होऊन आत येतात आणि स्वच्छ असतात, व्हायरसचे डाग मधेच कुठेही, चिखलट कडांचे. शंका आली तर टेस्ट स्ट्रिप मिळते, पानाचा तुकडा चुरडून त्यात बुडवायचा, अगदी कोविडच्या किटसारख्या रेघा येतात. औषध नाही, झाड मुळांसकट उपटून कचऱ्यात टाकावं लागतं, कंपोस्टमध्ये नाही. आणि रोग पसरतो तो रसातून, म्हणजे आपल्याच कात्रीतून, खुरप्यातून. तेव्हापासून मी एका झाडाचा दांडा कापला की कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवून मगच दुसऱ्याला लावते, काकूंच्या बागेत जाते तेव्हाही स्वतःची बाटली घेऊन जाते.

सांभाळायला कसा आहे? सोपा आहे पण तहानलेला. आठवड्याला इंचभर पाऊस झाला नाही तर मी पाइप लावतेच, पानं एवढी मोठी म्हणजे पाणीही तेवढंच उडतं. ओकच्या खाली चांगला चालतो, मेपलखाली लावू नका, मेपलची मुळं वरच्या वर जाळ्यासारखी पसरतात आणि सगळं पाणी पितात, ओळखीच्या एकांकडे मेपलखालचा सागाए पाच वर्षांत आहे तेवढाच आहे. सकाळचं दोन तास कोवळं ऊन मिळालं तर कड जास्त पिवळी येते, दुपारचं ऊन मात्र नको. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, हॉस्टाची मुळं आडवी जातात. शरद ऋतूत पालापाचोळ्याचं कंपोस्ट पसरायचं, बास, दुसरं खत मी घालत नाही. आणि सारखं उपटून फोडाफोडी करू नका, पहिली पाच वर्षं तर हातच लावू नका, त्याचा तो उभा आकार चौथ्या वर्षी कुठे दिसायला लागतो.

गोगलगाई, ते शंख नसलेले चिकट प्रकार, सागाएला फारसा त्रास देत नाहीत, पान जाड असल्यामुळे. शेजारचे पातळ पानांचे हॉस्टा जुलैत चाळणी झालेले असतात आणि हा जवळजवळ अखंड. हा याचा मोठा गुण, आणि पाच तारे देण्यामागचं एक कारण. पण हरणं! न्यू जर्सीत हरणं इतकी आहेत आणि हॉस्टा त्यांना इतका आवडतो की एका रात्रीत सगळी पानं खाऊन नुसते देठ उभे ठेवतात. चौथ्या वर्षी जूनमध्ये, झाड पहिल्यांदा खरं सागाएसारखं दिसायला लागलं होतं, आम्ही दोन दिवस फिलाडेल्फियाला गेलो आणि परत येऊन बघते तर २० देठ, पान एक नाही. मी अंगणात खाली बसले. मुलगी म्हणाली, आई ते परत येईल, मुळं आहेत ना. आलंही, पण पानं निम्म्या आकाराची, आणि पुढच्या वर्षीही त्याचा परिणाम दिसला. तेव्हापासून कुजलेल्या अंड्याच्या वासाचा जो स्प्रे मिळतो तो दर तीन आठवड्यांनी आणि मोठा पाऊस झाला की परत, एप्रिलमध्ये कोंब दिसल्यापासून सुरू. वास एका दिवसात आपल्याला यायचा थांबतो, हरणांना येत राहतो. शिवाय जमिनीखालून उंदरासारखे व्होल मुळं खातात, त्यासाठी लावतानाच खड्ड्याला बारीक तारेची जाळी लावली होती, ते शेतकरी आजोबांनी सांगितलं म्हणून, त्यांचे खूप आभार.

नोव्हेंबरमध्ये पहिलं कडक दंव पडलं की दोन दिवसांत सगळं पिवळं होऊन जमिनीवर झोपतं. आई तेव्हा इथे होती, ती हळहळली, म्हणाली एवढं पोसलंस आणि मेलं गं. तिला एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर कोंब दाखवले, जाड, टोकदार, मातीला फोडून वर आलेले, २६ मोजले आम्ही दोघींनी. आता ती दर फोनला विचारते तुझं थंडीतलं अळू कसं आहे.

मला पुण्याहून, कोल्हापूरहून दोघीतिघींनी विचारलं की आमच्याकडे लावू का, ऑनलाइन मुळ्या विकतात तिकडे. नका घेऊ. या झाडाला थंडीत झोप लागते, आणि झोप म्हणजे महिनाभर तरी ५ अंशांच्या खालची सलग थंडी, ती पुण्यात मिळत नाही आणि महाबळेश्वरलाही पुरेशी सलग नाही. एखादं वर्ष पानं येतील, मग लहान लहान होत जाऊन संपेल, तुमचे पैसे आणि झाडाचा जीव दोन्ही जाईल. तिकडे सावलीसाठी कॅलेडियम आहे, पिवळ्या-हिरव्या पानांचं अल्पिनिया आहे, पावसाळ्यात ती जी बहरतात ती मला इथे बघायला मिळत नाहीत. काश्मीर, हिमाचलच्या थंड भागात कुणी असेल तर जरूर लावा आणि मला फोटो पाठवा. न्यू जर्सी, मिशिगन, टोरोंटो, लंडन, इकडच्या आपल्या लोकांनी बिनधास्त लावावा.

तारे द्यायचे तर सागाएला पाच, लिबर्टीला चार, फ्रान्सिस विल्यम्सला साडेतीन, आणि काकूंच्या मोंटानाला चार पण ज्यांना रात्री चादर टाकायला उठायची तयारी आहे त्यांच्यासाठीच.

चुकून आलेली ती फ्रान्सिस मी टाकून दिली नाही, दहा वर्षं होत आली तिला आमच्याकडे, तिची चूक काय. पण ती आत्ता जिथे आहे तिथे सकाळी दहाचं ऊन थेट येतं आणि कड त्यामुळे जास्त जळते असं मला वाटतंय, म्हणून ऑगस्टच्या शेवटी उकाडा कमी झाला की तिला उचलून घराच्या अगदी भिंतीलगत, पूर्ण सावलीत नेणार आहे. नवरा म्हणतोय गड्डा एकट्याने उचलणार नाही, मुलगी त्या आठवड्यात घरी आहे, म्हणजे तिघं आहोत. जागा चुन्याने आखून ठेवलीय, पाच फुटांचा गोल.